पाहुणी झाडे, घरची नावे

दसऱ्याला दाराला लागलेले तोरण दिवाळीपर्यंत वाळून तपकिरी होते आणि लक्ष्मीपूजनाला त्याच्या जागी ताजे तोरण येते. आंब्याचे डहाळे आणि झेंडूची फुले. यात परके असे काही असेल अशी शंकासुद्धा आपल्याला येत नाही. आंबा तर इथलाच, त्याच्याबद्दल प्रश्न नाही. पण झेंडू? झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत लोक आपल्या गेलेल्या माणसांची आठवण करतात आणि अंगणापासून घरातल्या वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. त्या वासाच्या खुणेवर पितर घरी येतात अशी त्यांची समजूत. आपल्याकडे साधारण त्याच पंधरवड्यात त्याच फुलांच्या वाटेने लक्ष्मी येते. कोलंबसाचे जहाज १४९२ साली अमेरिकेला लागण्यापूर्वी हे फूल हिंदुस्थानात नव्हते. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळी साऱ्या महाराष्ट्रात झेंडूचे एक फूल नव्हते, आणि माउलींनी हिरवी मिरचीही कधी चाखली नाही.

मी मराठी शिकवते. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध शब्दांपुरता. पण शब्दांच्या मागे लागले की माणूस कुठल्या परसात जाऊन पडेल याचा नेम नसतो. एकदा वर्गात पोर्तुगीज भाषेतून मराठीत आलेले शब्द सांगताना मी बटाटा, पपई, अननस, काजू अशी यादी फळ्यावर लिहिली. पाठीमागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, मग शब्द आला तशी वस्तूही तिकडूनच आली ना?" आलीच. शब्द बोटीतून उतरला तेव्हा त्याच्या हातात टोपली होती. त्या दिवसापासून मला रस्त्यावरची झाडे निराळी दिसू लागली.

उपासाचेच उदाहरण घ्या. एकादशीच्या फराळात आपण धान्य वर्ज्य करतो, परके काही चालवून घेत नाही. आणि खातो काय? साबुदाणा, तो ज्या कंदापासून आपल्याकडे होतो तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणे तिकडचेच. बटाटा, रताळे, हिरवी मिरची तिकडची. राजगिराही तिकडचाच. आपली आजी ज्या निष्ठेने उपास करत असे, तो जवळजवळ संपूर्ण अमेरिकन होता! शास्त्रकारांनी जी धान्ये वर्ज्य ठरवली त्यांत ही नावे नव्हती, कारण ती त्यांनी ऐकलीच नव्हती. कायद्यातल्या फटीतून आत शिरावे तसे हे पदार्थ उपासात शिरले. पण स्वयंपाकघराचा विषय लांबवला तर तो संपायचा नाही. मला सांगायचे आहे ते शहरातल्या झाडांविषयी. जी कोणी लावली, जी कोणी न लावता आली, आणि ज्यांना आपण नावे ठेवली. नावे ठेवली हा प्रयोग मी दोन्ही अर्थांनी करते आहे.

परके झाड आले की आपल्या लोकांनी पहिल्यांदा हाताशी घेतला तो 'विलायती' हा शब्द. विलायती चिंच, विलायती बाभूळ, विलायती शिरीष. शाळेच्या फाटकाशी गुलाबी-पांढऱ्या गराच्या, जिलबीसारख्या वेटोळ्या शेंगा विकायला बसत, ती विलायती चिंच. ती विलायतेची मुळीच नव्हे. मध्य अमेरिकेतून स्पॅनिश लोकांबरोबर ती फिलिपाइन्सला गेली आणि तिथून पसरली. इंग्रज तिला 'मनिलाची चिंच' म्हणतात. म्हणजे आपण म्हणायचे साहेबाची, आणि साहेबाने म्हणायचे मनिलाची. आणि ज्या चिंचेच्या नावावर हे बारसे झाले ती आपली आमटीतली, झाडावर भुते राहतात ती चिंच तरी कुठली? आफ्रिकेची. फक्त ती इतक्या पूर्वी आली की अरबांनी तिला 'हिंदचा खजूर' म्हटले आणि सगळ्या जगाने ते खरे मानले. युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या भानगडीवर एक तोडगा काढला आहे. कोलंबसाच्या काळाची रेघ मारायची; तिच्या अलीकडे आलेले ते नवे पाहुणे, पलीकडचे ते जुने रहिवासी. आपल्याकडे रेशनकार्डासाठी जशी तारीख ठरते तसेच हे.

निलगिरीची तर आणखीच मौज. झाड ऑस्ट्रेलियाचे. म्हैसूरच्या टिपू सुलतानाने १७९० च्या सुमारास नंदी टेकडीवर ते लावले असे सांगतात. पुढे इंग्रजांनी निलगिरी पर्वतावर त्याची जंगले उठवली, आणि आपण पर्वताचे नाव झाडाला दिले. भाडेकरूच्या नावाने वाडा ओळखला जावा हे पुण्यात नवे नाही. इथे वाड्याच्या नावाने भाडेकरू ओळखला जातो. गुलबाक्षी दक्षिण अमेरिकेची, पण तिचे नाव इराणच्या शहा अब्बासावरून पडले: गुल-ए-अब्बास. फ्रेंच दर्यावर्दी बूगनव्हिल अठराव्या शतकात पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला असता त्याच्या बरोबरच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ब्राझीलमध्ये एक काटेरी, रंगीत वेल सापडली आणि तिला कप्तानाचे नाव मिळाले. ते नाव मराठी माळ्याच्या तोंडी आले आणि शेवटच्या 'व्हिल'चा 'वेल' झाला. बोगनवेल! फ्रेंच आडनावाला इतके सहज मराठी करून घेणारा तो माळी कोण होता हे भाषेच्या इतिहासात कुठेही लिहिलेले नाही. मला वाटते, परिभाषा समितीच्या बैठकीत त्याला एक खुर्ची द्यायला हवी होती.

सर्वांत मोठे नाव मिळाले ते आफ्रिकेच्या एका धिप्पाड झाडाला. खोड हत्तीसारखे, फांद्या मुळ्यांसारख्या, वर्षातले कित्येक महिने निष्पर्ण. दर्यापारच्या व्यापाऱ्यांबरोबर ते पश्चिम किनाऱ्यावर आले आणि आपल्या लोकांनी त्या जटाधारी देहाकडे पाहून त्याला नाथपंथाची दीक्षा दिली. गोरखचिंच. सांताक्रूझला मेट्रोच्या कामासाठी २०२२ साली अशी एक जुनी गोरखचिंच तोडली गेली तेव्हा हळहळलेल्या माणसांत कोणी 'ती कुठली आफ्रिकेची' असे म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता ही मंडळी शहरात आली कशी? काही तर निमंत्रण देऊन, पत्रिका छापून आली. पुण्याजवळ दापोडीला मुंबई सरकारने १८२८ साली वनस्पती उद्यान उघडले. आज दापोडी म्हटले की लोकलचे स्टेशन आणि कारखाने डोळ्यांपुढे येतात, पण चाळीसएक वर्षे तिथे परदेशी रोपांची पैदास होत असे आणि ती ठिकठिकाणी वाटली जात. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. त्या काळी बाग म्हणजे नुसती फिरायची जागा नव्हती. साम्राज्याच्या एका टोकाचे झाड दुसऱ्या टोकाला जगते का याची ती परीक्षा होती. जे जगले ते रस्त्यावर आले.

गुलमोहर असाच आला. मादागास्करच्या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत युरोपीय शास्त्रज्ञाच्या नजरेला पडलेले हे झाड शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईत पोहोचले होते. आणि पुढच्या शंभर वर्षांत ते मराठी कवितेत, चित्रपटात, बंगल्यांच्या पाट्यांवर, मुलींच्या आठवणींच्या वह्यांत इतके शिरले की त्याच्यावाचून आपला वैशाख कल्पनेतही आणता येत नाही. साताऱ्याला तर १ मे हा गुलमोहर दिवस म्हणून साजरा होतो. महाराष्ट्र राज्याचा वाढदिवस आणि मादागास्करच्या झाडाचा उत्सव एकाच दिवशी! मला यात विसंगती वाटत नाही. नाव फारसी, झाड आफ्रिकेकडचे, आणि त्याखाली उभा राहून भेळ खाणारा माणूस सातारचा. महाराष्ट्र याहून निराळा कधी होता?

गुलमोहराच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. तो जिथे लावला तिथे राहतो. दीडशे वर्षे झाली तरी त्याने आपल्या रानांत घुसून तिथल्या झाडांना हुसकावले असे झाले नाही. जोराच्या पावसात त्याच्या ठिसूळ फांद्या मोडतात, मोटारींच्या टपांवर पडतात, एवढाच त्याचा उपद्रव. सोनमोहर, पिचकारी, देवळापुढचा पांढरा चाफा हे सारे याच जातीचे सभ्य पाहुणे. देवचाफाही अमेरिकेचाच बरे का. देवाला त्याची हरकत नाही.

शास्त्रज्ञांचा याविषयी एक ढोबळ हिशेब आहे. बाहेरून आणलेल्या शंभर वनस्पतींपैकी दहाएक बागेच्या कुंपणाबाहेर निसटतात. निसटलेल्या दहांपैकी एखादीच स्वतःच्या पायावर उभी राहून पिढ्यान्‌पिढ्या टिकते. आणि अशा टिकलेल्या दहांपैकी एखादी उपद्रवी ठरते. म्हणजे हजारांत एक. आकडे काटेकोर नव्हेत, पण कल्पना यावी. बहुतेक परकी झाडे पाहुणी असतात, काही पागडी देऊन राहिलेले भाडेकरू होतात, आणि एखादा असा निघतो की जो आधी गॅलरी मागतो, मग माजघर, आणि शेवटी मालकालाच जिन्याखाली झोपायला लावतो.

असा भाडेकरू ओळखायचा असेल तर त्याचे मराठी नाव ऐकावे. आपल्या लोकांच्या जिभेला शास्त्रज्ञांपेक्षा आधी कळते. घाणेरी, रानमोडी, वेडी बाभूळ. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात १८०९ च्या सुमारास शोभेसाठी आणलेले रंगीबेरंगी फुलांचे झुडूप म्हणजे घाणेरी. तिची काळी फळे बुलबुलांनी खाल्ली आणि बिया साऱ्या देशभर टाकल्या. कोकणात पावसानंतर डोंगर व्यापणारी ती रानमोडी. रान मोडते म्हणून रानमोडी, यापेक्षा नेमका शोधनिबंध कोण लिहील? एकच नाव मात्र मला फसवे वाटते. मुळा-मुठेच्या पात्रात, पाषाणच्या तलावात उन्हाळ्यात जी हिरवी सतरंजी पसरते आणि जी काढायला महानगरपालिकेला यंत्रे लावावी लागतात, त्या ॲमेझॉनच्या वनस्पतीला आपण म्हणतो जलपर्णी. एखाद्या संगीत नाटकाच्या नायिकेला शोभावे असे नाव! सांडपाण्यावर पोसणाऱ्या या बाईसाहेबांना इतका मान कोणी दिला कोण जाणे.

पण या सगळ्यांत ज्याचा पुण्याशी अगदी जन्माचा म्हणावा असा संबंध जडला आहे ते म्हणजे गाजर गवत. पाने गाजरासारखी म्हणून गाजर गवत. लोकांनी त्याला दुसरेही नाव दिले, काँग्रेस गवत. त्याचे कारण कोणी सांगतो की पांढऱ्या टोपीसारखी फुले. कोणी म्हणतो, ज्या राजवटीत ते आले तिचे नाव. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पुण्यातल्या उकिरड्यांवर ही अनोळखी रोपे दिसू लागली आणि १९५६ साली राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी भारतात नवी आढळलेली वनस्पती म्हणून तिची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हापासून एक गोष्ट आपण सगळेच ऐकत आलो: अमेरिकेने 'पी. एल. ४८०' खाली जो लाल गहू पाठवला, त्याच्या पोत्यांतून हे बी आले. मीही लहानपणापासून हेच ऐकले. त्या गव्हाच्या चिवट पोळ्यांचा राग आजीच्या पिढीला होताच. त्याला हे गवत चांगले चिकटले.

आता तारखा जुळवून पाहा. पी. एल. ४८० हा अमेरिकेचा कायदा १९५४ चा. त्याखाली भारताशी करार झाला तो १९५६ च्या ऑगस्टमध्ये. आणि गवत त्याच्या आधीच पुण्यात हजर! अमेरिकेचा गहू १९५१ सालीही एका वेगळ्या कर्जाखाली आला होता, तेव्हा गव्हावरचा आळ साफ पुसता येत नाही. पण लोकांच्या तोंडी ज्या पोत्यांचे नाव आहे ती पोती या गुन्ह्यात तरी निर्दोष दिसतात. शिवाय कोलकात्याच्या उद्यानात असलेल्या वनस्पतींची जी यादी १८१४ साली छापली गेली तिच्यातही या वनस्पतीचे नाव आहे. म्हणजे ती दीडशे वर्षे कुठेतरी गप्प बसली होती, किंवा एकाहून अधिक वेळा आली. इतिहासाच्या परीक्षेत सनावळ्या कशाला पाठ करायच्या असे मुले विचारतात, त्यांना मी आता हे गवत दाखवते.

आले कसेही असो, पसरले का, हे समजून घेण्यासारखे आहे. एक झाड पंधरा-वीस हजार बिया सहज टाकते. पाऊस पडला की उगवते, महिन्याभरात फुलते, आणि मुळांतून व पानांतून असा रस सोडते की शेजारी दुसरे रोप धड वाढत नाही. गुरे त्याला तोंड लावत नाहीत. त्याच्या मायदेशी त्याला खाणारे किडे आहेत, रोग आहेत. ते सारे मेक्सिकोच्या आखाताकाठी राहिले आणि हे एकटे पुढे आले. शत्रू मागे ठेवून आलेल्या माणसाची नव्या गावात भरभराट होते, त्यातलाच हा प्रकार.

आणि शहर त्याला जे पुरवते ते रान कधीच पुरवत नाही. रानात जमीन झाकलेली असते, प्रत्येक वितीवर कोणाचा तरी हक्क. शहरात आपण सतत जमीन उघडी करतो. पाया खणतो, नळ टाकायला रस्ता उकरतो, ढिगारा मोकळ्या प्लॉटवर नेऊन ओततो. त्या मुरुमाबरोबर, वाळूच्या ट्रकबरोबर, टायरला लागलेल्या चिखलाबरोबर बी एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात जाते. रेल्वेच्या रुळांशेजारची खडी, वारसांच्या भांडणात वीस वर्षे पडून राहिलेला भूखंड, पुलाखालची जागा ही या वनस्पतींची धर्मशाळा. शिवाय शहर रानापेक्षा गरम. मध्य अमेरिकेच्या उन्हाची सवय असलेल्याला ते मानवते. पुण्याची वाढ पाहायची असेल तर नकाशा नको, नवे गाजर गवत कुठे फुलले आहे ते पाहावे. पुढल्या वर्षी तिथे सदनिकांची जाहिरात लागते.

त्याच रानटी कुळातली एकदांडी मात्र कशी सर्वांची लाडकी झाली! तीही मध्य अमेरिकेची. तीही उकरलेल्या जमिनीवर येते आणि म्हातारीच्या केसांवरून बी उडवते. पण मैदानावर गुडघा फुटला की तिचाच पाला चुरून जखमेवर दाबायचा, हे प्रत्येक मराठी मुलाला कोणी न शिकवता येते आणि त्याला ते आयुर्वेदाइतके जुने वाटते. उपयोगी पडला की परका राहत नाही, इतका हा हिशेब रोखठोक आहे.

गाजर गवताच्या बाबतीत हिशेब उलटा. आमच्या वसाहतीत एक माळीबुवा होते. पंधरा-सोळा वर्षे त्यांनी आमच्या कुंपणाकाठचे हे गवत दर पावसाळ्यात हातांनी उपटले. पहिली काही वर्षे काही झाले नाही. मग एका भाद्रपदात पापण्या सुजल्या, मानेला आणि कोपरांच्या वळणांत खाज सुटली. ती हिवाळ्यात गेली. पुढल्या वर्षी पुन्हा आली आणि जास्त दिवस राहिली. त्वचेच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितले, गाजर गवत. पुण्यातल्या डॉक्टरांना हा आजार नवा नाही. १९६० नंतरच्या दशकातच इथल्या रुग्णांची वर्णने वैद्यकाच्या नियतकालिकांत छापली गेली. या गवतातले एक द्रव्य अंगाला सोसेनासे झाले की मग ते उपटावेही लागत नाही. वाऱ्याने उडालेला त्याचा वाळका भुगा पुरतो. माळीबुवांना मातीचे काम सोडावे लागले. आता ते एका इमारतीच्या तळघरातल्या वाहनतळावर पहाऱ्याला बसतात. तिथे ऊन नाही, वारा नाही, म्हणून त्यांना बरे वाटते. परवा भेटले तेव्हा मी विचारले, "कसं काय, बुवा?" तर म्हणाले, "अंग बरं हाये बाई, पर दिस मावळल्याचं कळत न्हाई तिथं." आणि लगेच विचारले, आमची जास्वंद छाटली का नाही.

त्यांचे हातमोजे आणून द्यायचे कोणाला सुचले नव्हते. तीनशे रुपयांचे काम. हे उपटायचे तर फुलण्यापूर्वी, ओल्या जमिनीतून, अंग झाकून. एवढे साधे ज्ञान आमच्या वसाहतीत साठ पदवीधर असून कोणाजवळ नव्हते. एक उपाय शास्त्रज्ञांनी केला. मेक्सिकोतला एक भुंगेरा, फिकट पाठीवर तपकिरी रेघा असलेला, १९८४ साली बेंगळुरूजवळ सोडला. तो हेच गवत खातो. पावसाळ्यात तो आता महाराष्ट्रातही दिसतो आणि कित्येक ठिकाणी पानांची चाळण करून टाकतो. पण थंडी-उन्हाळ्यात तो जमिनीत जाऊन झोपतो आणि गवत मात्र ओलावा मिळेल तिथे बाराही महिने उगवत राहते. नोकरी पावसाळ्यापुरतीच.

आता एक असा प्रसंग, ज्यात भाषेच्या शिक्षिकेला उपसर्गांवर बोलायची संधी मिळाली. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला सुबाभळीची सहा झाडे आहेत. सुबाभूळ मूळची मेक्सिकोकडची. १९७० नंतरच्या काळात चारा, सरपण आणि खत देणारे झटपट वाढणारे झाड म्हणून महाराष्ट्रात तिचा मोठा प्रसार झाला. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंनी आणि त्यांच्या 'बाएफ' संस्थेने हे काम तळमळीने केले, आणि ज्या शेतकऱ्याच्या दारी म्हैस होती त्याला त्याचा फायदाही झाला. चांगली बाभूळ ती सु-बाभूळ. शेतात तिची पाने गुरे खात, शेंगा लागायच्या आतच छाटणी होई. शहरात ना म्हैस ना विळा. शेंगा पिकल्या, बिया पडल्या, आणि भिंतीच्या फटींत, गटारांत, टेकड्यांच्या उतारांवर रोपांचे केस उगवले. तेव्हा त्याच लोकांनी तिचे नाव पालटून टाकले, कु-बाभूळ! एका अक्षरात मराठी माणसाने निकाल दिला.

भिंत फुटू लागली तेव्हा ही झाडे काढावीत असा ठराव आला. सभा दोन तास चालली. एक निवृत्त गृहस्थ उभे राहिले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने ती झाडे वसाहत नवी असताना, भर उन्हात एक हिरवे पान नव्हते तेव्हा, लावली होती. पत्नी आता नाहीत. ते फक्त एवढेच म्हणाले की तेव्हा सरकारनेच सांगितले होते हे लावा. एका तरुण सभासदाने परकी आणि देशी झाडे यांवर इंटरनेटवरचे पुष्कळ वाचून दाखवले, आणि बोलता बोलता 'परक्यांना हाकला' असा त्याचा सूर लागला, तो मला झाडांपुरताही आवडला नाही. १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांच्या जतनाचा कायदा सुबाभळीलाही लागू आहे, असे चिटणीसांनी निदर्शनास आणले. अखेर भिंतीला भिडलेल्या दोन झाडांपुरती परवानगी मागायची, उरलेल्यांच्या शेंगा हिरव्या असतानाच छाटायच्या, दर श्रावणात रोपे उपटायची आणि मोकळ्या जागेत ताम्हण लावायचे असे ठरले. ताम्हण हे आपले राज्यपुष्प आहे, हे सभेतल्या तिघांनाच ठाऊक होते. गुलमोहराचे चित्र मात्र आमच्या सगळ्यांची मुले डोळे मिटून काढतात.

सोसायटीच्या भिंतीपेक्षा मोठा प्रश्न टेकडीचा आहे. वेताळ टेकडीवर, तळजाईवर सकाळी फिरायला जाणारे ज्याला जंगल म्हणतात त्यातले पुष्कळसे गिरिपुष्पाचे आहे. हेही मध्य अमेरिकेचे. उघड्या टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून ते दाट लावले गेले, आणि त्या काळी हेतू चांगलाच होता. नाव पाहा कसे भारदस्त. शास्त्रीय नाव ग्लिरिसिडिया. त्यातल्या 'ग्लिरि'चे कोणा कल्पक माणसाने 'गिरि' केलेले मला उघड दिसते. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ उंदीर मारणारी, आणि आपल्याकडे बाजारचे नावही उंदीरमारी. माघ-फाल्गुनात निष्पर्ण फांद्यांवर त्याला फिकट गुलाबी फुले येतात, ती खरोखर सुंदर दिसतात.

पण या टेकड्या मुळात उघड्या नव्हत्याच. ते गवताळ माळ होते. कुसळी गवत, त्यात मधून सालई, मोई अशी पावसाची वाट पाहणारी झाडे, भाद्रपदात तेरडा आणि सोनकी, आणि गवताच्या बुंध्याशी जमिनीवर घरटे करणारे चंडोल. आपल्याला हिरवे म्हणजे झाड एवढेच कळले, आठ महिने पिवळे राहणारे गवत आपल्याला ओसाड वाटले. गिरिपुष्पाच्या दाट सावलीत गवत उगवत नाही. चंडोलाला सावली नको असते. जे नाहीसे झाले त्याची आठवण ठेवायला कोणी नाही, कारण आजच्या फिरणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ती टेकडी आधी पाहिलेलीच नाही. नवा माळ कोणी उभा करून देत नाही; रोपवाटिकेत कुसळीची पिशवी मिळत नाही.

आणि म्हणून परकी झाडे सरसकट वाईट असे म्हणावे, तर मुंबईचा पर्जन्यवृक्ष आडवा येतो. दक्षिण अमेरिकेकडून एकोणिसाव्या शतकात आलेल्या या झाडाने मुंबईच्या रस्त्यांवर छत्र्या धरल्या. संध्याकाळ झाली की पाने मिटतात, पावसाचे ढग आले तरी मिटतात. दुपारी त्याच्या सावलीत टॅक्सीवाले डुलकी काढतात. २०१० नंतरच्या दशकात पिठ्या ढेकणाने या झाडांना ग्रासले आणि पूर्व उपनगरांत शेकडो झाडे उभ्याउभ्या वाळली. बुंध्याभोवती सिमेंट ओतून आपण आधीच त्यांची तहान वाढवली होती. रस्तेच्या रस्ते एकाच जातीने भरले की काय होते ते तेव्हा दिसले: एक कीड आली आणि ओळीच्या ओळी गेल्या. झाड कुठल्या देशाचे हे त्या किडीने विचारले नसेल, पण सगळी एकाच जातीची आहेत हे तिच्या पथ्यावर पडले. करंज, कदंब, बहावा, ताम्हण यांची रोपेही मधून मधून असती, तर सावली निदान तुटक तुटक तरी राहिली असती.

येणारे अजून येतच आहेत. विक्रोळीला द्रुतगती महामार्गाकाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांनी झाडे लगडतात आणि लोक मोटारी थांबवून छायाचित्रे काढतात. टबेबुया तिचे नाव, मध्य अमेरिकेची. पुण्याभोवतीच्या रस्त्यांकाठी पावसाळा संपता संपता केशरी-पिवळी कॉसमॉस डोलू लागली आहे. ती बागेतून निसटून टेकडीवर चढली आणि लोक तिलाच सोनकी समजून फोटो काढतात. कोनोकार्पस नावाचे झाड हल्ली दुभाजकांत आणि कुंपणांत सर्रास दिसते, कारण ते पाणी कमी मागते आणि कायम हिरवे राहते. गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली, तरी आपल्याकडे रोपवाटिकेत ते मागता येते.

या तिघांनाही अजून मराठी नाव मिळालेले नाही. रोपवाटिकेतल्या मुलाला मी परवा विचारले, कोनोकार्पसला तुम्ही काय म्हणता? त्याने रोपाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "डिव्हायडरचं झाड."